टक्का जुळला, पीक वाळले



जत-माणच्या कोरडवाहू शेतकऱ्याला समुद्राशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. आपल्या कापसाचा आणि शाळूचा पाऊस समुद्रातूनच येतो. प्रशांत महासागर तापला, म्हणजे एल निनो आला, की आपल्याकडे पाऊस तुटण्याचा धोका वाढतो. पण तेवढ्यावर भागत नाही. १९९७ साली एल निनो जबर होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. आपल्या हिंदी महासागराने त्या वर्षी हात दिला, असे शास्त्रज्ञ सांगतात.

म्हणून सगळाच समुद्र पाहावा लागतो. उपग्रह पाण्याचे तापमान आणि उंची मोजतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या देशाने त्यासारख्या कामासाठी ओशनसॅट-३ सोडला. पण तापमान कळते ते वरच्या सायीचे. वरची माती भिजली म्हणून आपण पेरत नाही, उकरून ओल बघतो. तसेच इथे. आर्गो नावाची तरंगती यंत्रे दोन हजार मीटर बुडी मारून खालची ऊब मोजतात आणि प्रवाहांचे गणित संगणकावर मांडून मधल्या जागा भरतात. हैदराबादची इन्कॉइस संस्था हे काम करते. समुद्र आणि हवा जोडून पावसाचा अंदाज काढण्याचे गणित पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ पासून मान्सून मिशनमध्ये बसवले.

या कामाला आमचा विरोध नाही. आमचे भांडण पुढे आहे. एप्रिल २०२३ मध्ये हवामान खात्याने ९६ टक्के पाऊस सांगितला, पडला ९४. कागदावर अंदाज बरोबर. पण त्या ऑगस्टात देशात ३६ टक्के तूट पडली. १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. पीक टक्क्यावर येत नाही, कोणत्या पंधरवड्यात किती पडला यावर येते.

चार आठवड्यांचा अंदाजही दर गुरुवारी निघतो. पण 'मध्य महाराष्ट्र' या एकाच नावाखाली नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत सगळे कोंबलेले. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दहिवडीला पाचशेच्या आसपास. या दोघांना एकच अंदाज कसा पुरेल?

आमची मागणी साधी आहे. मृगाच्या आधी आणि शाळूसाठी उत्तरा-हस्ताच्या आधी, तालुकावार अंदाज मराठीत गावात पोचवा. पावसाच्या खंडाची शक्यता किती, ते आकड्यात सांगा. मागचे अंदाज किती खरे ठरले, त्याचा हिशेब शेजारी छापा. गणित चुकेल, हे आम्हाला मान्य आहे. नक्षत्रेही चुकतात. पण उपग्रह आमच्याही पैशाने उडतो. त्याने पाहिलेले बांधापर्यंत आलेच पाहिजे.