कोरड्या जमिनीवरची होडी

गेल्या वैशाखांत कांहीं कामानिमित्त आम्ही वसईकडे गेलों होतों. भुईगांवास आमच्या एका जुन्या स्नेह्यांची नारळीची वाडी आहे. तीन भावांचा एकत्र संसार. त्यामुळें दिंडीदरवाजांतून आंत पाऊल टाकतांच कोणी ना कोणी पाण्याचा तांब्या घेऊन पुढें येतें. या खेपेस मात्र ओटीवर कोणीच दिसलें नाहीं. सारी मंडळी मागील दारीं जमली होती. नारळीच्या दोन ओळींमध्यें दोन चाकांच्या लोखंडी ट्रेलरवर १६ फूट लांबीची एक पांढरी शिडाची होडी उभी होती, आणि घरांतील धाकटा पुतण्या गुडघे टेकून तिच्या पोटाखालून हात फिरवीत होता. चेहरा पाहतांच आम्हांस कळून चुकलें कीं, हें कौतुकाचें न्याहाळणें नव्हे.

हकीकत अशी होती. हा मुलगा नोकरीस लागून दोन वर्षें झालीं. वसईच्या खाडींत आपल्या चुलत भावंडांना शिडाच्या होडींतून हिंडवावें, ही त्याची लहानपणापासूनची हौस. वडील काकांचा विरोध असतांही त्यानें आपल्या शिलकेंतून ही होडी एका गृहस्थांकडून जुन्या बाजारभावानें घेतली. होडी फायबरची, म्हणजे काचेचे तंतू राळेंत भिजवून, थरावर थर देऊन घडविलेली. पूर्वीच्या मालकाच्या आवारांत ती चार पावसाळे त्याच ट्रेलरवर उभी होती. घेतांना वरचा रंग चकचकीत होता. घरीं आणून धुतली तेव्हां खालच्या दोन्ही अंगांस, जेथें ट्रेलरच्या आडव्या फळ्या टेकतात तेथेंच, खोलगट खड्डे असल्याचें दिसून आलें. उजव्या अंगास बोटभर, डाव्या अंगास त्याहून कमी.

"लोखंडासारखी टणक म्हणतात ही वस्तु, मग नुसती उभी राहून ती दबली कशी?" असा प्रश्न स्नेह्यांनीं आम्हांस विचारला. हा प्रश्न आमच्या बहुतेक वाचकांसही पडेल, म्हणून त्याचें उत्तर येथें थोडें विस्तारानें देतों.

होडी ही पाण्यानें उचलून धरण्यासाठीं केलेली वस्तु आहे. पाणी होडीच्या पोटाला एखाद्या ठिकाणीं बोट लावून उचलीत नाहीं. बुडालेल्या सर्व भागावर तें एकाच वेळीं, खोलीच्या मानानें, दाब देतें. त्यामुळें चारशें किलोंची होडीसुद्धां पाण्यांत आपलें ओझें साऱ्या अंगावर वांटून घेते. तीच होडी ट्रेलरवर ठेवली म्हणजे तेंच चारशें किलो वजन दोन-चार तळहातांएवढ्या जागेवर येऊन पडतें. भरलेली घागर डोक्यावर घेतांना आपल्या बायका चुंबळ कां ठेवितात, हें ज्यास समजलें त्यास ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. चुंबळीनें घागरीचें वजन कमी होत नाहीं. तें वांटलें जातें, इतकेंच.

दुसरें कारण त्या वस्तूच्या स्वभावांत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत काचतंतूंच्या होड्या जगभर पसरल्या. कुजत नाहीं, गंजत नाहीं, कीड लागत नाहीं, असे तिचे गुण खरेच आहेत. परंतु तंतूंना जखडून ठेवणारी राळ ही शेवटीं राळच. थोडा वेळ दाबली तर ती मूळ आकारास परत येते. महिनोन् महिने दाबून ठेवली तर हळूहळू वांकत जाते. पुस्तकांच्या कपाटाची लांब फळी पहिल्या दिवशीं सरळ असते आणि दहा वर्षांनीं मध्यें झुकलेली दिसते. कोणत्या दिवशीं झुकली, हें कोणासच सांगतां येत नाहीं. त्यांतून ऊन. साधारण प्रकारची राळ ६०-७० अंशांच्या सुमारास मऊ पडूं लागते, आणि गडद रंगाचा पृष्ठभाग वैशाखाच्या उन्हांत त्याच्या जवळपास जाऊं शकतो.

तिसरें कारण पाऊस. वसईच्या किनाऱ्यावर एका दिवसांत १०० मिलिमीटर पाऊस पडणें ही नवलाची गोष्ट नव्हे. होडीचा उघडा भाग ४ चौरस मीटर धरला आणि पाणी जाण्याचें भोंक पाल्यानें बुजलें असलें, तर तेवढ्या पावसानें ४०० लिटर पाणी आंत साठतें. म्हणजे चारशें किलोंची होडी एका रात्रींत आठशें किलोंची होते, आणि तिच्याखालचे टेकू मात्र तेवढेच राहतात.

आमच्या स्नेह्यांनीं पाचूबंदरच्या एका वृद्ध तांडेलांस बोलावणें धाडलें होतें; आम्ही तेथें असतांनाच ते आले. त्यांनीं होडीकडे पाहण्यापूर्वी ट्रेलरकडे पाहिलें. मधल्या दांड्यावरील रबरी रुळे झिजून चपटे झाले होते. त्यामुळें तळाचा कणा अधांतरीं राहून सारें वजन दोन्ही कुशींवर आलें होतें. उजव्या चाकांतील हवा केव्हांच गेलेली. म्हणून ट्रेलर त्या अंगास कलला, आणि त्याच अंगाचा खड्डा अधिक खोल. तांडेल म्हणाले, "नाना, बाजूचे टेकू होडी कलंडू नये म्हणून असतात. तिचं ओझं घ्यायला नव्हे. ओझं कण्यानंच घ्यायचं."

पाचूबंदर, नायगांव, अर्नाळा या बाजूस पावसाळ्यांत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या मच्छीमारांच्या होड्या आम्हीं अनेकदां पाहिल्या आहेत. कण्याखालीं जाड ओंडके, दोन्ही बाजूंस टेकू आणि वरून आच्छादन, ही व्यवस्था आम्ही नुसती डोळ्यांनीं पाहत आलों. तींत एवढें शास्त्र सांठविलेलें आहे, हें त्या दिवशीं प्रथमच उमगलें.

मग तांडेलांच्या सांगण्यावरून काम सुरू झालें. होडींतील नांगर, दोर, जुनें सामान आणि कुजका पाला बाहेर काढला. चाकांत हवा भरून ट्रेलर समपातळींत आणला. जॅकनें होडी बोटभर उचलून कण्याखालीं पुढून मागपर्यंत लांकडी ठोकळे बसविले, आणि बाजूच्या फळ्या रुंद गाद्या लावून जेमतेम टेकतील अशा ठेविल्या. तीन आठवड्यांनीं मुलाचें पत्र आलें. डाव्या अंगाचा खड्डा ऊन आणि विसांवा मिळतांच आपोआप जवळजवळ भरून आला होता. उजव्या अंगाचा मात्र अर्धाच उरला, तो कायम राहिला.

तो कां राहिला, याचा शोध त्यानें आंत शिरून घेतला. होडीच्या पोटांत बळकटीसाठीं आडवी भिंत बसविलेली असते. उजव्या बाजूस ती भिंत पोटाच्या कातडीपासून वीतभर सुटलेली होती. लांकडी हातोडीनें ठोकून पाहिलें तों इतरत्र खणखणीत आवाज, आणि तेथें बद्द. म्हणजे जखम नुसती कातडीची नव्हती.

याच सुमारास होडी मिळवून देणाऱ्या मध्यस्थानें त्यास एक सोपा उपाय सुचविला: खड्ड्यांत पुट्टी भरावी, घासून रंग द्यावा, आणि नको असेल तर होडी पुढच्या गिऱ्हाइकास विकून मोकळें व्हावें, पाहणाऱ्यास शंकाही येणार नाहीं. पैसे गुंतलेले, वडील काका आधींच नाराज. मुलाचें मन क्षणभर डळमळलें, हें त्यानें पत्रांत प्रामाणिकपणें लिहिलें आहे. घरांत ही गोष्ट निघाली तेव्हां त्याच्या काकूंनीं भाजी निवडतां निवडतां एवढेंच विचारलें, "अरे, बाहेरून भरलं म्हणजे आंतली भिंत चिकटते का?" ज्यांनीं उभ्या जन्मांत शिडाच्या होडींत पाय ठेविला नाहीं, त्यांनीं कारागिरास शोभेल असा प्रश्न केला. सुटलेल्या भिंतीजवळची कातडी प्रत्येक लाटेबरोबर आंत-बाहेर हालते आणि हालतां हालतां एक दिवस तडकते. तो दिवस भर खाडींत, मुलें बसलेलीं असतांना उगवूं शकतो. मग ती मुलें आपल्या घरचीं असोत कीं पुढच्या गिऱ्हाइकाच्या घरचीं.

पुट्टीचा बेत तेथेंच संपला. मुलानें फायबरचें काम जाणणारा कारागीर शोधला आहे. आंतून जुना थर घासून, भिंत पुन्हां नव्या थरांनीं जखडून, खड्ड्याच्या जागीं आंतल्या बाजूनें उभ्या पट्ट्यांची बळकटी द्यावयाची. बाहेरची पुट्टी सर्वांत शेवटीं, तीही नांवापुरती. खर्च बराच आहे. त्यांतील अर्धा वाटा वडील काकांनीं न मागतां उचलला, ही बातमी आम्हांस विशेष गोड वाटली.

अशी जुनी होडी घेण्याचें कोणाच्या मनांत असेल, तर त्यानें रंगावर न भुलतां टेकूंच्या जागा पाहाव्या. सरळ लांकडी पट्टी पोटावर लावून खळगे तपासावे. हातोडीनें ठोकून आवाज ऐकावा. खड्ड्याभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा आहेत काय, तें पाहावें. मधली फळी खालवर होणारी असेल, तर ती करून पाहावी. अडकली तर पोट वांकल्याचा संशय घ्यावा. आणि ठेवतांना वजन कण्यावर, टेकू शक्य तों आडव्या भिंतींच्या खालीं, पाण्याचें भोंक उघडें, डोलकाठीचे ताण सैल, वर आच्छादन, आणि महिन्यांतून एकदां चाकांतील हवेकडे नजर.

हें सारें वाचून फायबर कच्चें, असा समज कोणी करून घेऊं नये. गोव्यांत दिवाड बेटावर श्री. रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेली ५६ फुटी 'म्हादेई' २००९ सालीं नौदलाकडे आली. लांकडाच्या गाभ्यावर तिला याच काचतंतूंचें कवच आहे. तिच्यांतून कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ सालीं अभिलाष टॉमी यांनीं तीच कोठेंही न थांबतां पुरी केली. दक्षिण महासागराच्या लाटा ज्या जातीच्या कवचानें सोसल्या, तेंच कवच भुईगांवच्या वाडींत लांकडाच्या एका फळीवर दबलें. लाट येते आणि जाते. चुकीच्या जागीं दिलेला टेकू मात्र रात्रंदिवस तेथेंच असतो.

पावसाळा संपून खाडी निवळली म्हणजे होडी पाण्यांत जाईल, आणि पहिल्या फेरीस आम्हांस बोलावणें येईल, असें मुलानें लिहिलें आहे. बसण्यापूर्वी आंतली भिंत स्वतः ठोकून पाहण्याची परवानगी आम्हीं त्याच्याजवळ आतांच मागून ठेविली आहे. आणि ठोकावयास काकूच पुढें होतील, असें त्यानें उलट टपालीं कळविलें आहे.