रात्रपाळीला किती खाटा?

परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात, १२ मे रोजी, हुबळीत एका वक्त्याचं भाषण ऐकलं आणि तारिहाळला घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वीच्या नर्सकडे सेवाभाव होता, आताच्या पदव्या घेतात, पगार मागतात, संप करतात आणि रुग्णाकडे ढुंकून बघत नाहीत. पुराव्याला त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांचं नाव घेतलं. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना एवढी वर्षं सांभाळलं, तो सेवाभाव आता कुठे गेला? सभागृहात टाळ्या पडल्या.

ज्या हकिकतीवर टाळ्या पडल्या, ती हकिकत वक्त्यांनी अर्धीच सांगितली. अरुणा आपल्याच बाजूच्या, होन्नावरजवळच्या हल्दीपूरच्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएममध्ये, नोकरीच्या जागी, तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर सहकारी परिचारिकांनी त्यांचं सगळं केलं. आता राहिलेला अर्धा भाग ऐका. हल्ला झाल्यावर मुंबईच्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. अरुणाची नीट व्यवस्था करा आणि आमच्या कामाची परिस्थिती सुधारा, ही त्यांची मागणी होती. पुढे ऐंशीच्या दशकात महापालिकेनं खाट मोकळी करण्यासाठी अरुणांना दुसरीकडे हलवायचं ठरवलं, तेव्हा याच परिचारिकांनी विरोध केला आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. संप करणारी बाई सेवा करत नाही, हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? त्या भांडल्या नसत्या तर ती खाटच राहिली नसती.

आणि ती सेवा म्हणजे नेमकं काय होतं? इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या अरुणांच्या पाठीला जखम होऊ दिली नाही, असं सगळे कौतुकानं सांगतात. पण पाठ नुसत्या मायेनं शाबूत राहत नाही. माकडहाड, टाचा, खुबे इथं हाडाखालची कातडी दबली की तिथलं रक्त थांबतं. काही तासांत लाली येते, आणि बोटानं दाबून ती लाली पांढरी पडली नाही तर आत नुकसान सुरू झालेलं असतं. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, ओली चादर काढायची, कातडी बघायची. दिवसाही, पहाटे तीनलाही. त्याला शिकलेले डोळे लागतात, पाळ्या लावाव्या लागतात, आणि पाळीवर पुरेशी माणसं असावी लागतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आईला पक्षाघात झाला तेव्हा इथल्याच एका खासगी इस्पितळात होतो. रात्री बावीस खाटांना एक सिस्टर, केरळची, विशीतली. आईची मराठी तिला येत नव्हती, कन्नडमधला एक शब्द तिनं शिकून ठेवला होता, आणि प्रत्येक फेरीला वाकून विचारायची, "अज्जी, नोवु?" दुखतंय का? पाचव्या दिवशी आईच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला आणि मी त्या मुलीवर ओरडलो. ती एवढंच म्हणाली, की दोन वाजता कूस बदलायची होती, तेव्हा पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांचा श्वास अडकला होता. कोणाकडे जायचं होतं तिनं? सेवाभाव कमी पडला नव्हता. माणसं कमी होती, आणि ती कमी ठेवण्याचा निर्णय त्या मुलीचा नव्हता.

आमच्या तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत एका ऑपरेटरला दहा लेथ द्या म्हटलं तर मालक स्वतः नाही म्हणेल. माल खराब होईल, बोट तुटेल. परिचारिकांसाठीही भारतीय परिचर्या परिषदेचे निकष जुनेच आहेत: साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक, अतिदक्षता विभागात एकामागे एक. २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; परिचारिकेकडे एकेक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. बावीस खाटांचं गणित वक्त्यांनी करावं.

पदव्यांबद्दल एकच सांगतो: शिरेत औषध सोडणाऱ्या हाताला मात्रा कळलीच पाहिजे.

परिचारिकेच्या कामावरचं हे भांडण जुनंच आहे. शंभर वर्षांपूर्वी पुण्यातल्या मुली ससून रुग्णालयात परिचारिकेचं काम शिकायला निघाल्या, तेव्हा घरंदाज बाईनं परपुरुषाला हात लावायचा का, असं विचारलं गेलं. तेव्हा लाज पुढे केली, आता सेवाभाव पुढे करतात. दोन्ही वेळा बाईच्या कामाची किंमत ठरवायचं टाळलं जातं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये द्या, असं सुचवलं होतं. त्यावर त्या सभेत कोणी बोललं नाही.

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी फळा लावा: आज रात्री रुग्ण किती, सिस्टर किती. नातेवाइकांना वाचता येईल असा, कन्नडमध्ये आणि मराठीतही. आई आता घरी आहे. तिची कूस आम्ही दोघं भाऊ पाळीपाळीनं बदलतो, घड्याळ लावून. एका माणसासाठी आम्ही दोघं, तरी पहाटे तीनचा गजर कधीकधी ऐकू येत नाही.