तिथी ठरवून येणारा अतिथी

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, ही व्युत्पत्ती आम्ही वर्गात तीस वर्षे सांगत आलो. मनूने तर जो एकच रात्र राहतो त्यासच अतिथी म्हटले आहे; त्याची स्थिती अनित्य, म्हणून तो अतिथी. आता वाचकांनीच सांगावे की, महिनाभर आधी दूरध्वनीवरून तिथी ठरवून, अनामत भरून जो येतो, दोन रात्री राहतो आणि सकाळी हक्काने न्याहारी मागतो, त्या गृहस्थास कोणत्या नावाने हाक मारावी?

हा प्रश्न आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून नुसता व्याकरणाचा राहिलेला नाही. मुक्ताईनगरास, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादेस, आमचे वडिलार्जित धाब्याचे घर आहे. माडीवरच्या चार खोल्या मुले पुण्या-मुंबईस गेल्यापासून बंद आहेत. धाबे गळते, सागवानी तुळयांस वाळवी लागू पाहते, आणि जागा विकत मागणारा मनुष्य महिन्यातून एकदा ओसरीवर येऊन चहा पिऊन जातो. पुतण्याने सुचविले की, माडी नीट करून तेथे 'निवास व न्याहारी' सुरू करावी. पर्यटन खात्याची याच नावाची योजना आहे. हे ऐकताच आमचे धाकटे बंधू ताटावरून उठले. "आजोबांच्या घरात अन्न विकायचे?" एवढेच बोलले, आणि पुढे आठ दिवस पंक्तीस बसले नाहीत. तेव्हा पुतण्याने दोन रात्रींचे पैसे भरून आम्हां उभयतांस माथेरानच्या एका जुन्या बंगल्यात धाडले. "काका, आधी पाहून तर या," असे त्याचे म्हणणे.

माथेरान ही अस्सल व्हिक्टोरिया राणीच्या काळची वसाहत. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली हा डोंगर चढून गेले, आणि मागाहून मुंबईच्या साहेब लोकांनी व धनिकांनी तेथे बंगले बांधले. पीरभॉय घराण्याने बांधलेली दोन फूट रुंदीची आगगाडी १९०७ साली सुरू झाली. मोटारींस दस्तुरी नाक्यापुढे आजही मज्जाव आहे. आम्ही भुसावळहून रात्रीच्या गाडीने कल्याण, तेथून नेरळ, नेरळहून मोटारीने नाका आणि पुढे तांबड्या धुळीतून पायी, असे गेलो. सामान हमालाने घेतले.

बंगला पाहून आमचे कुटुंब प्रथम हसलेच. पलंग इतका उंच की चढावयास लाकडी पायरी ठेवलेली! भिंतीवर राणीची तसबीर, शिकारीची चित्रे, बारा वाजता तेरा ठोके देणारे घड्याळ, आणि स्नानगृहात सिंहाच्या पायांचे घंगाळ, ज्यात निजून स्नान करावे अशी अपेक्षा. आम्ही त्याच्या शेजारी बादली ठेवून उभ्याने स्नान केले. व्हरांडा मात्र अप्रतिम. छपराची उतार थेट खाली आलेली, वेताच्या खुर्च्या, आणि समोर झाडीपलीकडे दरी. पावसाचा मारा भिंतीस लागू नये आणि वारा मात्र घरभर फिरावा, ही त्या बांधणीतली अक्कल आमच्या धाब्याच्या घराहून निराळी. पण आहे ती अक्कलच. साहेबाची म्हणून तिला नाके मुरडण्याचे कारण नाही.

न्याहारी आठ ते दहा. भाजलेला पाव, संत्र्याचा कडवट मुरंबा, अंडी. आमच्यासाठी अंडी वर्ज्य, हे कळताच स्वयंपाकघरातल्या बाईंनी न विचारता कांदेपोहे करून आणले. पावाचा एक तुकडा तेवढ्यात वानराने नेला. त्याचे नाव मात्र वहीत नव्हते, तेव्हा शास्त्रार्थाने खरा अतिथी तोच.

त्या बाईंशी आमच्या मंडळींचे चांगले जमले. त्या डोंगराखालच्या वाडीतून रोज पहाटे चढून येतात आणि दिवेलागणीपूर्वी उतरतात. बंगल्याचे मालक मुंबईस असतात. वर्षातून एकदोनदा येतात. पाहुण्यांच्या अभिप्रायवहीत पानोपानी 'घरच्यासारखे वाटले' असे लिहिलेले आम्ही वाचले. ते घरपण त्या बाईंच्या हातचे होते, आणि त्यांचे स्वतःचे घर दोन तास खाली होते. केंद्र सरकारच्या अशाच योजनेत खोल्या सहापर्यंत आणि मालकाने त्याच घरात राहिले पाहिजे, अशी अट आहे, असे पुतण्याने सांगितले होते. ती अट कागदावर कोरडी वाटली होती. येथे तिचा अर्थ कळला.

बंधूंच्या आक्षेपाचे मात्र आम्हांस नवल वाटते. त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबलीस गेलेला यजमान तीन दिवस उपाध्यायांच्याच घरी उतरतो, जेवतो आणि दक्षिणा देतो. त्याच्या आजोबांच्या भेटीची नोंद त्यांच्या वहीत सापडते. कोकणात तर हरिहरेश्वर-गणपतीपुळ्यास कितीतरी घरांवर 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' अशी पाटी आहे, आणि आत सोवळे सांभाळणाऱ्या आजीबाई उकडीचे मोदक वळीत असतात. त्यांच्या कुळास बट्टा लागल्याचे आम्ही ऐकलेले नाही. आमच्या गावी महाशिवरात्रीस मुक्ताई-चांगदेवाच्या यात्रेला माणसांचा पूर लोटतो. तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे देऊळ पाहावयास एरवीही अभ्यासू लोक येतात, आणि रात्री मुक्कामास भुसावळ-जळगाव गाठतात. यात्रेकरूंस मात्र आमच्या ओसरीवर आजोबांच्या काळापासून फुकट भाकरी मिळते. ती बंद होणार असेल तर आम्हीही ताटावरून उठू, असे आम्ही पुतण्यास बजावले आहे.

परतीच्या गाडीत आम्ही हे सारे मंडळींस ऐकविले. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, अतिथी कोणास म्हणायचे ते तुम्ही दोघे भाऊ ठरवा. सहा वाजता उठून पोहे कोणी करायचे, हे कोणीच विचारलेले नाही."

घरी येताच त्यांनी धाकट्या जाऊबाईंस आणि सुनेस माजघरात बोलावले. दुपारभर दार लोटलेले होते. बाहेर आले ते एका वहीचे पान: खोल्या चारपैकी तीनच द्यायच्या, सासूबाईंची खोली नाही, कामास बाई ठेवायची आणि तिला रात्री घरी जाता येईल इतक्या जवळची, श्राद्धपक्षात व सणांस बंद, यात्रेत ओसरी फुकट, आणि उत्पन्न बँकेत तिघींच्या नावे. पान बंधूंच्या ताटाशेजारी ठेवले गेले. त्यांनी ते दोनदा वाचले, घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवले, आणि त्या रात्री ते पंक्तीस बसले. होकार अद्याप आलेला नाही. गवंडी मात्र धाब्याचे माप घेऊन गेला आहे.