परीक्षानळीतील रसायन आणि परीक्षेतील रसायन

"सर, रीडिंग किती यायला पाहिजे?"

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुले प्रयोगशाळेत प्रथम येत, त्या दिवशी हा प्रश्न मी न चुकता ऐकत असे. ब्युरेट भरलेले असे, शंकुपात्रात पिपेटने घेतलेले वीस मिलिलिटर द्रावण असे, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंबही पडलेले असत. आता तोटी फिरवायची आणि गुलाबी छटा केव्हा येते ते पाहायचे, एवढेच उरलेले. पण मुलाचा हात तोटीवर नसे. त्याला आधी उत्तर हवे असे. "किती येते ते पाहा आणि तेच लिही," असे मी म्हणालो की तो बुचकळ्यात पडे. "पण सर, बरोबर किती?"

विद्यार्थी मित्रहो, अनेक वर्षे अध्यापन करून निवृत्त झाल्यावर मला वाटते, की इंटरमीजिएटच्या दोन वर्षांत आपल्या शहरात रसायनशास्त्राचे जे काही होते ते सारे या एका प्रश्नात सामावलेले आहे. "किती आले?" हा विज्ञानाचा प्रश्न, तर "किती यायला पाहिजे?" हा परीक्षेचा. दोन्ही प्रश्न दिसायला सारखे. पण त्यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर आहे.

आमच्या वेळचे दिवस सोन्याचे होते आणि आताचे मातीचे, असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. आम्हीही घोकंपट्टी केली. पूर्वीचा पी.यू.सी. जाऊन १९६९-७० साली आंध्र प्रदेशात दोन वर्षांचा इंटरमीजिएट अभ्यासक्रम आला. त्यानंतर काही वर्षांनी मी मराठी माध्यमाच्या शाळेतून थेट इंग्रजी माध्यमाच्या इंटरमध्ये जाऊन पडलो. शाळेत 'आम्ल' आणि 'अल्कली', वर्गात 'ॲसिड' आणि 'बेस', आणि उस्मानियात उर्दूतून शिकलेल्या आमच्या एका वृद्ध गुरुजींच्या तोंडी 'तेजाब'! १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात रसायनशास्त्रासारखा विषयही पोलीस ॲक्शनपर्यंत उर्दूतून शिकवला जाई आणि 'दारुल तर्जुमा'त त्यासाठी पुस्तकांची भाषांतरे होत. मराठवाड्यातून व कर्नाटक भागातून आलेली किती मुले या भाषांच्या चौरस्त्यावर उभी राहून विज्ञान शिकली असतील!

पण या चौरस्त्याचा एक फायदाही झाला. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र ऑक्सिजनला 'आम्लजनक' म्हणतात, आम्ही मराठीत 'प्राणवायू' म्हणतो. हे दोन शब्द शेजारी ठेवले की एक गंमत दिसते. कन्नड शब्द मूळ युरोपीय नावाला इमानाने धरून आहे. लाव्हाझिएला वाटले, की प्रत्येक आम्लात हा वायू असतोच. म्हणून त्याने नाव ठेवले आम्ल निर्माण करणारा. पुढे १८१०च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने दाखवून दिले, की मीठापासून निघणाऱ्या आम्लात, म्हणजे आजच्या हायड्रोक्लोरिक ॲसिडात, ऑक्सिजनचा मागमूसही नाही. सिद्धांत चुकला, नाव मात्र राहिले. एवढा मोठा शास्त्रज्ञ कोठे चुकला आणि ती चूक प्रयोगाने कशी पकडली, हे दोन मिनिटांत एका शब्दातून शिकवता येते. पण वर्गात यासाठी दोन मिनिटे कोण देणार? हे 'बिट' म्हणून कोठे येत नाही.

आता हिशेबच पाहू. तेलंगणात अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे पूर्वीच्या एमसेट आणि आताच्या ईएपीसेटमध्ये, १६० प्रश्न आणि तीन तास. त्यांत रसायनाचे ४०. सरासरीने एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा मिळत नाही. वैद्यकीयच्या नीटमध्ये १८० प्रश्नांपैकी रसायनाचे ४५, आणि २०२५ पासून प्रश्नामागे एक मिनिट. नीटपणे केलेल्या एका टायट्रेशनला, तीन रीडिंगे जुळेपर्यंत, सहज अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात चाळीस 'बिटे' सोडवून होतात! इंटरच्या गुणांना प्रवेशाच्या क्रमवारीत पूर्वी २५ टक्के वजन होते, ते तेलंगणाने २०२३ साली काढून टाकले. तेव्हा प्रॅक्टिकलच्या ३० गुणांची किंमत व्यवहारात किती उरली, हे सांगायला नको. मुले हुशार असतात. ज्या गोष्टीला बाजारात भाव नाही, ती ती विकत घेत नाहीत.

म्हणून अनेक ठिकाणी प्रयोगशाळेचे दार परीक्षेच्या आधी चार-आठ दिवस उघडते. क्षाराच्या परीक्षणाचे तक्ते वाटले जातात. नायट्रेटची तपकिरी कडी, अमोनियात विरघळणारा सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा दह्यासारखा साका, ही सारी वर्णने मुलांना तोंडपाठ असतात. मात्र ती कडी डोळ्यांनी पाहिलेली नसते. नायट्रेटच्या द्रावणात फेरस सल्फेट घालून, परीक्षानळी तिरपी धरून, सल्फ्युरिक ॲसिड कडेने हळूच सोडताना हात कसा स्थिर ठेवावा लागतो, आणि दोन थरांच्या मध्ये ती कडी उमटली की छातीत कसे धस्स होते, हे तक्त्यात लिहिता येत नाही. आपल्याकडे 'घोका आणि ओका' असे म्हणतात. निदान घोकलेली वस्तू एकदा तरी पाहिलेली असावी, एवढीच माझी मागणी आहे.

प्रवेशपरीक्षांची बाजूही मांडली पाहिजे, नाही तर अन्याय होईल. नल्लाकुंट्यात चुक्का रामय्यांनी आयआयटीसाठी वर्ग चालवले. तेथे शिरण्यासाठीच एक प्रवेशपरीक्षा असे, इतकी त्यांची ख्याती होती. त्या आणि तशा वर्गांतून सामान्य घरांतील कितीतरी मुले मोठ्या संस्थांत गेली. जेथे वशिला चालतो तेथे गुणांची यादी ही गरिबाची ढाल असते. शिवाय चाळीस प्रश्न वेगाने सोडवायलाही समज लागते. मोलचे गणित समजल्याशिवाय पाठांतर फार काळ साथ देत नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग आणि हाताशी एकच प्रयोगशाळा-साहाय्यक असलेल्या अध्यापकालाही मी दोष देणार नाही. दोष आहे तो एका समजुतीत: रसायनशास्त्र म्हणजे रँककडे जाणारी एक शिडी, वर गेले की ढकलून द्यायची.

अन्य एखाद्या शहरात ही समजूत कदाचित चालून जाईल. हैदराबादेत ती चालणार नाही. हे शहर रसायनावर उभे आहे. तार्नाक्याच्या आयआयसीटीचे मूळ १९४४ साली निजामाच्या राज्यात निघालेल्या प्रयोगशाळेत आहे. बाळानगरला आयडीपीएलचा औषधांचा कारखाना आला. गुंटूरकडचे अंजी रेड्डी मुंबईच्या यूडीसीटीत शिकले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून त्यांनी डॉक्टरेट घेतली, मग आयडीपीएलमध्ये नोकरी केली आणि १९८४ साली स्वतःची कंपनी काढली. पुणे-मुंबईची प्रयोगशाळा आणि हैदराबादचा कारखाना यांचे हे नाते आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आणि याच नाण्याची दुसरी बाजू. स्वीडनच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले, की पटनचेरूच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक औषध लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते! ३० जून २०२५ रोजी पाशमैलारमच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे गेली. तेथे तयार होत होते मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज, औषधाच्या गोळ्यांत भर म्हणून घालतात ती, पिठासारखी दिसणारी पूड. त्या दिवशी काय चुकले ते सांगणे चौकशी करणाऱ्यांचे काम. परंतु ज्वलनशील पदार्थाची बारीक पूड हवेत तरंगू लागली की ठिणगीसरशी स्फोट होऊ शकतो, कारण पृष्ठभाग वाढला की अभिक्रियेचा वेग वाढतो, हे इंटरच्या पुस्तकातले वाक्य आहे. ते 'बिट' म्हणून पाठ करणारी मुलेच उद्या अशा कारखान्यांत देखरेखीला उभी राहणार आहेत.

तेथे त्यांच्या हाती नोंदवही असेल. तापमान किती, दाब किती, सांडपाण्यात काय, हे त्यांना दर तासाला लिहावे लागेल. परदेशी औषध-नियंत्रकांनी भारतातील कारखान्यांवर नोंदींच्या विश्वासार्हतेबद्दल वेळोवेळी ताशेरे ओढले आहेत. "किती यायला पाहिजे?" असे विचारून रीडिंग लिहिण्याची सवय जर सतराव्या वर्षी लागली, तर ती सत्ताविसाव्या वर्षी सुटेल असे मानायला आधार काय? प्रयोगशाळेत खोटे रीडिंग लिहिणे ही लबाडी आहे असे मुलांना वाटतच नाही; ती त्यांना पद्धत वाटते. मला भीती वाटते ती याची.

आणि अशा वेळी पुस्तकांतून काय गेले पाहा. २०२२-२३च्या कपातीत एनसीईआरटीने अकरावीतील पर्यावरणीय रसायनशास्त्राचे प्रकरण वगळले आणि बारावीतील औषधे, साबण, खाद्यपदार्थ यांवरचे दैनंदिन जीवनातील रसायनाचे प्रकरणही वगळले. मुलांवरचा भार कमी करायचा होता, हे मान्य. पण भार कमी करताना नेमके आयुष्याशी जोडणारेच दोर कापले, त्याला काय म्हणावे?

मग उपाय काय? मोठे उपाय सरकारच्या हाती आहेत. त्यांची वाट पाहत बसलो तर आणखी एक पिढी जाईल. लहान उपाय आपल्या हाती आहेत. आपल्या आज्यांना ठाऊक होते, की हळदीला चुना लागला की ती लाल होते. त्यातूनच कुंकू होत असे. हळद हा उत्तम दर्शक आहे. साबणाचे पाणी, लिंबू, सोडा आणि हळदीत बुडवून वाळवलेला कागद एवढ्या सामग्रीवर पहिला धडा घरच्या ओट्यावर होतो. दुसरे, नळगोंड्याचे उदाहरण घ्या. तेथील पाण्यात फ्लोराइड अधिक. त्याने दात पिवळे पडत, हाडे वाकत. नागपूरच्या नीरी संस्थेने १९७०च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची रीत बसवली आणि तिला नावच पडले 'नळगोंडा पद्धत'. साका, आयन, विद्राव्यता ही प्रकरणे या एका उदाहरणावर शिकवता येतील, आणि मुलांना कळेल की हे शास्त्र कोणाच्या तरी पाठीचा कणा सरळ ठेवते.

अध्यापक बंधुभगिनींना एकच विनंती. पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रयोगात बरोबर उत्तराला गुण देऊ नका. खऱ्या नोंदीला द्या. ज्याची तीन रीडिंगे जुळली नाहीत आणि ज्याने ती तशीच लिहून "बहुधा माझ्याकडून थेंब जास्त पडला" अशी टीप जोडली, त्याला पैकीच्या पैकी द्या.

मी तसे एकदा केले होते. एका मुलीने बिचकत वही पुढे केली. तिन्ही आकडे वेगळे होते. शेजारच्या साऱ्या वह्यांत एकच आकडा होता. "सर, माझेच चुकले," ती म्हणाली. मी म्हणालो, "बाई ग, या वर्गात प्रयोग फक्त तूच केलास."

त्या वर्षी पुढच्या प्रयोगाला वर्गातल्या वह्यांत वेगवेगळे आकडे आले. इतके वेगळे आकडे पाहून इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.