राजीनाम्याचे भाकीत

कोणता नोकर केव्हा नोकरी सोडील, हे त्याने स्वतः ठरविण्यापूर्वीच मालकास कळावे, अशी संगणकी विद्या आता बाजारात विक्रीस आली आहे. बावधनमध्ये बिऱ्हाड करून रोज हिंजवडीची वाट तुडविणाऱ्या तरुणांनी तिची दखल घेतलीच पाहिजे.

मालकांची चिंता आम्ही खोटी मानीत नाही. जून २०२२ अखेरच्या बारा महिन्यांत एकट्या इन्फोसिसमध्ये स्वेच्छेने नोकरी सोडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेले होते. शिकवून तयार केलेला माणूस जातो, तेव्हा कामाची घडी विसकटते. नोकरी सोडू पाहणारे आपण ९५ टक्के अचूकतेने ओळखतो, असा दावा आय.बी.एम.च्या तत्कालीन प्रमुख जिनी रोमेटी यांनी २०१९ साली केला, तो याच चिंतेवरील उतारा म्हणून.

परंतु हे ज्योतिष चालते कशावर? याच कंपनीने अभ्यासासाठी प्रसिद्ध केलेल्या कल्पित नोंदींचे रकाने पाहावेत: घरापासूनचे अंतर, जादा काम, शेवटच्या बढतीला लोटलेली वर्षे, पगार. ही ग्रहदशा नव्हे. ही तक्रारींची यादी आहे! यंत्र गूढ असे काही शोधीत नाही. वरिष्ठाने समोर बसवून विचारले असते, तर कर्मचाऱ्याने जे सांगितले असते, तेच ते आकड्यांत मांडते.

धोका पुढेच आहे. ‘हा जाणार’ असा शिक्का एकदा बसला की त्याला नवे काम कोण देईल? बढती कोण देईल? उपेक्षेने विटून तो खरोखरच गेला, म्हणजे भाकीत खरे ठरले असा डंका पिटण्यास यंत्रवाले मोकळे! २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे ७ वे कलम नोकरीच्या कारणासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा मालकास देते. आणि आपल्या माहितीचे काय केले, हे विचारण्याचा ११ व्या कलमातील हक्क मात्र संमतीशी जखडलेला आहे. ज्याची संमतीच घेतली नाही, त्याने दाद कोठे मागावी?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. असे भाकीत केले असेल, तर ते ज्याचे त्याला दाखवावे आणि त्याच्या आधारे कोणाचीही बढती वा पगारवाढ रोखू नये, असे कायद्यानेच बजावावे. माणूस का जातो हे कळूनही कारण दूर करावयाचे नसेल, तर तो केव्हा जाणार हे जाणून मालकाने साधले काय?