बेटावरची राजधानी

पनवेलहून गोव्याला निघालेली कुठलीही गँग घ्या. बागा, कळंगुट, फार तर हणजूण. पणजी? 'तिथे काय आहे?' बॉस, तिथे राजधानी आहे, आणि तीही चक्क बेटावर!

इकडे मांडवी, तिकडे जुवारी, मागून दोघींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. मध्ये उरतं ते तिसवाडी बेट. पुलाशिवाय नाहीतर फेरीबोटीशिवाय पाय टाकता येत नाही. ५ जुलै १९८६ला मांडवी पूल कोसळला, तेव्हा पलीकडच्या लोकांना पुन्हा फेरीबोटच गाठावी लागली. आता तिथे तीन पूल आहेत. तिसरा, अटल सेतू, २०१९चा.

मी कोकण रेल्वेने करमळीला उतरते. हे स्टेशनही बेटावरच. मग बसने जुनं गोवं, रायबंदर आणि सतराव्या शतकातला तो लांबलचक दगडी बांध. जुनं गोवं मागे पडलं आणि १८४३मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती जेमतेम ४० हजार. आपल्या पनवेल महापालिकेत आलेला भाग तेव्हाच पाच लाखांवर होता!

एवढ्याशा शहराच्या दारात, मांडवीत, कॅसिनोच्या बोटी झगमगतात. त्यांची गर्दी शहराने कुठे ठेवायची? फोंतेन्यसच्या रंगीत घरांबाहेर फोटोला मनाई करणाऱ्या पाट्या दिसतात. रागावू नका, आत माणसं राहतात. कॅमेरा बॅगेत टाका आणि पोस्ट ऑफिसपासून मळ्यापर्यंत चालत जा. दहा मिनिटं लागतात.