यूपीएस घेतला, पण सर्व्हरला कळणार कसे?

शाळेच्या सर्व्हरसाठी चांगला यूपीएस घेतला की काम झाले, असा बऱ्याच जणांचा समज आहे. वास्तविक यूपीएस फक्त काही मिनिटांची सवड देतो. त्या सवडीत सर्व्हर रीतसर बंद झाला नाही, तर बॅटरी संपताच तो अचानक बंद पडतो आणि लिहिली जात असलेली माहिती अर्धवट राहू शकते. दिवसा कोणी तरी धावत जाईल. पण वळवाच्या रात्री, शाळेला कुलूप असताना कोण जाणार? हे काम सॉफ्टवेअरनेच केले पाहिजे.

सर्व्हरवर गुणपत्रके आहेत, फीचा हिशेब आहे आणि जुन्या जनरल रजिस्टरची स्कॅन केलेली पाने आहेत. कित्येक माजी विद्यार्थ्यांच्या जन्मतारखेचा पुरावा त्या पानांवरच असतो. म्हणून हा विषय केवळ संगणक शिक्षकांवर सोडू नये.

लिनक्ससाठी दोन मोफत पर्याय प्रसिद्ध आहेत. 'एपीसीयूपीएसडी' बसवायला सोपे, पण ते मुख्यतः एपीसीच्या यूपीएससाठी आहे आणि त्याची ३.१४.१४ ही आवृत्ती २०१६ सालची आहे. दुसरे 'नेटवर्क यूपीएस टूल्स', म्हणजेच 'नट'. ते अनेक कंपन्यांच्या यूपीएसशी बोलते, आणि २०२२ मध्ये त्याची २.८.० ही आवृत्ती आली.

माझे मत 'नट'च्या बाजूने आहे. आपली खरेदी दरपत्रके मागवून होते. आज एका कंपनीचा यूपीएस, उद्या दुसऱ्या. दर वेळी सॉफ्टवेअर बदलणे परवडणारे नाही. शिवाय एकाच यूपीएसवर दोन-तीन यंत्रे असली, तर केबल जोडलेले यंत्र इतरांना नेटवर्कवरून निरोप देते. आधी ती बंद होतात, शेवटी ते स्वतः. मात्र नेटवर्कचा स्विचही त्याच यूपीएसवर हवा, नाही तर निरोप पोहोचणार नाही.

'नट' बसवणे किचकट आहे, हा आक्षेप खरा आहे. चार-पाच फाइली हाताने लिहाव्या लागतात. पण ते काम एकदाच करायचे असते. केलेली मांडणी कागदावर लिहून सर्व्हरच्या खोलीत लावावी, म्हणजे शिक्षक बदलले तरी अडणार नाही.

विश्वस्तांना विनंती, की खरेदीपूर्वी यूपीएसला माहिती देणारा यूएसबी पोर्ट आहे का आणि ते मॉडेल 'नट'च्या यादीत आहे का, हे पाहावे. घरगुती इन्व्हर्टरला असा पोर्ट सहसा नसतो. तिथे कोणतेही सॉफ्टवेअर हतबल आहे. जुनी बॅटरी आकडा भरपूर दाखवते आणि एकदम कोसळते. म्हणून 'बॅटरी संपत आली' या इशाऱ्याची वाट न पाहता, वीज गेल्यावर ठरावीक मिनिटांनी सर्व्हर बंद होईल अशी वेळ लावून ठेवावी.

आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, बॅकअप घेऊन, यूपीएसचा प्लग काढून चाचणी घ्यावी. त्या वेळी नववीच्या मुलांना बोलवावे. पडद्यावर 'ओएल' म्हणजे वीज आहे, 'ओबी' म्हणजे बॅटरीवर चालू, 'एलबी' म्हणजे बॅटरी संपत आली. एवढी तीन अक्षरजुळणी त्यांना सहज वाचता येईल. ज्या यंत्रणेची चाचणी झालेली नाही, ती आहे असे धरून चालू नये.